‘हृदय कमजोर आहे, थोडं थांबू’ असे म्हणू नका

रविवारची संध्याकाळ होती. सेंट्रिंगचे काम करणारे एक भाऊ, वय ४६, नळाचे पाणी भरता भरता हंडा टाकून खाली बसले. पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कुणी कोयता ओढावा तशी कळ आली, असे त्यांनी बायकोला सांगितले. कळ छातीत आली, मग मानेत चढली. अंगाला दरदरून घाम सुटला. शेजारीपाजारी जमले. कुणी म्हणाले गॅस आहे, कुणी सोडा दिला, कुणी पाठीला बाम चोळला. नाक्यावरच्या दवाखान्यात दुखण्याचे इंजेक्शन मिळाले. कळ कमी झाली म्हणून घरी आणले. मध्यरात्रीनंतर दम लागू लागला. आडवे पडता येईना. पहाटे ते आम्ही नोकरीला होतो त्या रुग्णालयात आले.

पट्टी काढली, म्हणजे ईसीजी केला. त्यात फारसे काही दिसले नाही. मग इको झाला, सीटी स्कॅन झाले आणि निदान समोर आले. हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तनळी आतून चिरली होती, हृदयाची झडप गळत होती आणि फुप्फुसांत पाणी भरत होते. डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून सांगितले, ऑपरेशन आत्ताच करावे लागेल. रुग्णाचे मामा हात जोडून म्हणाले, “साहेब, हृदय आधीच कमजोर झालंय म्हणता. मग ते एवढं मोठं ऑपरेशन कसं सोसंल? आधी औषधानं जरा ताकद येऊ द्या. थोडं थांबू.” थोरला भाऊ गावाहून निघाला होता. तो आल्यावर सही करू, असे ठरले. भाऊ अकरा वाजता पोहोचला. रुग्ण साडेनऊला गेला होता.

आमचा राग मामांवर नाही. ते जिवाच्या तळमळीनेच बोलत होते. हृदय थकले की ऑपरेशन का थांबवायचे नसते, हे त्यांना कुणी समजावून सांगितले नाही. ते काम आमचेही होते. आम्ही इंजेक्शन आणि सलाईनच्या धावपळीत राहिलो, मामांजवळ दोन मिनिटे बसलो नाही. तेव्हा राहून गेलेले बोलणे आज या पानावर करतो आहोत.

आजार आहे तरी काय

हृदयातून निघून सगळ्या अंगाला रक्त नेणाऱ्या मुख्य नळीला महाधमनी म्हणतात. ती हृदयातून वर निघते, छातीत छत्रीच्या दांड्यासारखी वळते आणि पाठीच्या कण्याजवळून पोटात उतरते. तिची भिंत तीन थरांची असते. शिवणकाम करणाऱ्या भगिनींना हे लगेच कळेल. अस्तर लावलेल्या कोटासारखी ती असते. आतल्या अस्तराला चीर पडली की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त अस्तर आणि कापड यांच्या मधल्या जागेत घुसते आणि थर सुटत जातात. यालाच महाधमनी चिरणे म्हणतात. डॉक्टर मंडळी ‘डिसेक्शन’ म्हणतात.

चीर कुठे आहे यावर पुढचे सगळे ठरते. १९७० साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड येथील डॉक्टरांनी याची सोपी विभागणी केली. हृदयाजवळचा, वर जाणारा भाग चिरला असेल तर ‘ए’ प्रकार. तो भाग सोडून पाठीमागून खाली जाणारा भाग चिरला असेल तर ‘बी’ प्रकार. ‘बी’ प्रकारात बहुतेक वेळा रक्तदाब काटेकोर खाली आणून औषधांवर भागते. गुंतागुंत झाली तर मांडीच्या नसेतून आत जाळीची नळी बसवतात. ‘ए’ प्रकारात मात्र तातडीचे ऑपरेशन हाच खरा इलाज आहे. या लेखात आम्ही प्रामुख्याने ‘ए’ प्रकाराविषयी बोलत आहोत.

हृदय का थकते

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. आलेले रक्त पुढे ढकलणे हृदयाला झेपत नाही, ते मागे तुंबते आणि फुप्फुसांत पाणी भरते. माणसाला दम लागतो, आडवे झाले की गुदमरते, कधी तोंडातून गुलाबी फेस येतो.

महाधमनी चिरल्यावर हे तीन वाटांनी होते. पहिली वाट झडपेची. हृदय आणि महाधमनी यांच्यामध्ये एक झडप असते, ती रक्ताला परत मागे येऊ देत नाही. चीर झडपेपर्यंत उतरली की झडपेचा आधार सुटतो आणि बाहेर टाकलेले रक्त धो धो परत हृदयात येते. दुसरी वाट हृदयाभोवतीच्या पिशवीची. फाटलेल्या भिंतीतून रक्त या पिशवीत साचते आणि बाहेरून हृदय आवळले जाते. तिसरी वाट हृदयाच्या स्वतःच्या नसांची. त्यांचे तोंडच चिरेमुळे दाबले गेले तर हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नाही.

आता मामांच्या प्रश्नाचे उत्तर. पावसाळ्यात छप्पर फुटले आणि घरात पाणी भरले, तर आपण नुसते पाणी उपसत बसत नाही, आधी छप्पर झाकतो. या रुग्णाचे हृदय वर्षानुवर्षे झिजून थकलेले नसते. बऱ्याच वेळा ते काल दुपारपर्यंत चांगले चालत असते. चिरलेल्या नळीने आणि सुटलेल्या झडपेने त्याला काही तासांत खाली बसवलेले असते. कारण जागच्या जागी आहे तोवर औषधाने ताकद येणार कुठून?

औषधे दिली जातात, पण ती ऑपरेशनपर्यंत पोहोचण्यासाठी. एरवी या आजारात हृदयाचे ठोके कमी करणारे औषध देतात. पण झडप जोरात गळत असेल तर तेच औषध फार जपून द्यावे लागते, कारण जलद ठोक्यांवरच हृदय कसेबसे तग धरून असते. दुबळ्या हृदयाला आधार म्हणून एरवी जो फुगा महाधमनीत ठेवतात, तो इथे ठेवता येत नाही, त्याने नुकसान होते. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. हृदय थकले आहे म्हणून ऑपरेशन लांबवायचे नसते, हृदय थकले आहे म्हणूनच ते लवकर करायचे असते.

आकडे काय सांगतात

या आजाराच्या रुग्णांची नोंद ठेवण्यासाठी १९९६ पासून अनेक देशांतली मोठी रुग्णालये एकत्र काम करतात. सन २००० मध्ये त्यांनी ४६४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. ‘ए’ प्रकारात ऑपरेशन झालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णालयात दगावले. ऑपरेशन न होता औषधांवर ठेवलेल्यांपैकी ५८ टक्के दगावले. पुढे ऑपरेशनमधील मृत्यू आणखी कमी होत गेले. २०२२ मध्ये याच नोंदीतून पहिल्या ४८ तासांचा हिशेब आला. ऑपरेशनसाठी घेतलेल्यांपैकी साधारण ४ टक्के, तर औषधांवर ठेवलेल्यांपैकी जवळपास २४ टक्के त्या दोन दिवसांत गेले.

ऑपरेशन न झालेल्यांत फार म्हातारे आणि आधीच खंगलेले रुग्ण जास्त असतात, त्यामुळे सगळा फरक ऑपरेशनचाच असे म्हणता येणार नाही. मेंदूला मोठी इजा झाली असेल, तर कधी कधी सर्जन स्वतःच ‘नको’ म्हणतात, आणि ते ऐकावे. पण सर्जन ‘करतो’ म्हणत असताना आपण ‘थांबू’ म्हणणे, ही गोष्ट वेगळी. ऑपरेशनमध्ये धोका मोठा आहे. न करण्यात त्याहून मोठा आहे.

ऑपरेशनमध्ये काय करतात

छातीचे मधले हाड उघडतात. रुग्णाचे रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात, त्या वेळात हृदय थांबवलेले असते. अंग थंड करतात, म्हणजे थोडा वेळ रक्त थांबवले तरी शरीर सोसते. मेंदूला बहुतेक ठिकाणी वेगळ्या नळीने रक्त देत राहतात. मग चिरलेला भाग कापून काढतात आणि तिथे डेक्रॉनची नळी शिवतात. झडप चांगली असेल तर तिला पुन्हा टाके घालून जागेवर बसवतात. खराब असेल तर नळी आणि झडप दोन्ही बदलतात. त्याला बेंटॉल ऑपरेशन म्हणतात, ते १९६८ पासून होत आले आहे. हे सगळे व्हायला कित्येक तास लागतात, रक्ताच्या बऱ्याच पिशव्या लागतात. त्यामुळे रक्त द्यायला वस्तीतली चार-सहा तरणी मुले सोबत असतील तर मोठा हातभार लागतो.

डेक्रॉन म्हणजे पॉलिस्टरच, ज्याच्या साड्या आणि शर्ट आपण वापरतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत ह्यूस्टन इथले सर्जन मायकेल डिबेकी नायलॉनचे कापड घ्यायला दुकानात गेले. नायलॉन संपले होते, म्हणून विक्रेत्याने डेक्रॉन पुढे केले. डिबेकींनी बायकोच्या शिवणयंत्रावर त्याची नळी शिवली. आईने त्यांना लहानपणी शिवण शिकवले होते, ते असे कामाला आले. चिरलेल्या महाधमनीची यशस्वी ऑपरेशने त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली जगापुढे मांडली.

पुढे ५० वर्षांनी, ३१ डिसेंबर २००५ ला, ९७ वर्षांच्या डिबेकींच्या छातीत तीच कळ आली. त्यांनाही आधी हृदयविकाराचा झटकाच वाटला. त्यांचीही महाधमनी चिरली होती. त्यांनी सुरुवातीला ऑपरेशन टाळले. तब्येत ढासळत गेली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांच्यावर ते ऑपरेशन केले. त्यानंतर ते दोन वर्षांहून जास्त जगले, ९९ व्या वर्षी गेले. ज्याने हे ऑपरेशन उभे केले तोही घाबरला, तर आपले मामा घाबरले यात नवल नाही. पण डिबेकींभोवती समजावणारे होते, उत्तम रुग्णालय होते. आपल्या माणसाजवळ निदान समजावणारे तरी असावेत.

गॅस नव्हे, आणि प्रत्येक वेळी अटॅकही नव्हे

‘थांबू’ हा शब्द येण्याआधीचे तास ‘गॅस’ या शब्दात जातात. ही कळ ओळखायची कशी? ती अचानक येते, पहिल्याच क्षणी सगळ्यात जोराची असते. चिरल्यासारखी, फाडल्यासारखी वाटते. छातीत, पाठीत, कधी मानेत किंवा पोटात असते, आणि बऱ्याचदा जागा बदलते. सोबत चक्कर, बेशुद्धी, एका हाताची नाडी मंद लागणे, दोन हातांच्या बीपीत मोठा फरक, हातापायातली ताकद जाणे, बोलणे अडखळणे किंवा दम लागणे, यातले काहीही असू शकते. इंजेक्शनने कळ थांबली म्हणजे चीर बुजली असे नाही.

भगिनींनो, तुम्ही दुखणे अंगावर काढता. ‘कामाची चार घरं आटपून बघू’ म्हणता. त्या नोंदीतही बायका उशिरा निदान होणाऱ्यांत जास्त दिसल्या. अशी कळ आली तर घरकाम, स्वयंपाक, मुलांची शाळा, सगळे बाजूला ठेवा.

रुग्णालयातही चूक होऊ शकते. अमेरिकेतले प्रसिद्ध विनोदी अभिनेते जॉन रिटर ११ सप्टेंबर २००३ रोजी शूटिंग चालू असताना आजारी पडले. वय ५४. हृदयविकाराचा झटका समजून उपचार झाले. आजार महाधमनी चिरल्याचा होता. त्याच रात्री ते गेले. अटॅकमध्ये रक्त पातळ करणारी आणि गुठळी विरघळवणारी औषधे देतात. महाधमनी चिरलेली असेल तर हीच औषधे घातक ठरू शकतात. याचा अर्थ छातीत दुखल्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळी नाकारा, असा मुळीच नाही. अटॅकचे रुग्ण खूप जास्त असतात. पण कळ पाठीत होती, फाडल्यासारखी होती, हे डॉक्टरांना नीट सांगा आणि विचारा, “महाधमनीचा सीटी स्कॅन करायला हवा का?” असे विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे.

१०८ ला फोन केलात तर गाडीतल्या डॉक्टरांना हेच सांगा, आणि शक्य असेल तर जिथे सीटी स्कॅन व हृदयाचे ऑपरेशन दोन्ही होते अशाच ठिकाणी न्यायला सांगा. मुंबईत केईएम आणि जे. जे. रुग्णालयांत, नागपुरात शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात हृदय शस्त्रक्रियेचे विभाग आहेत. आपल्या जिल्ह्याला जवळचे असे ठिकाण कोणते, हे आजारी पडण्याआधी माहीत करून घ्या.

पैसा आणि कागद

उरलेले तास काउंटरवर जातात. ‘डिपॉझिट भरा’, ‘रेशनकार्ड आणा’, ‘बेड नाही’. इथे कायदा आपल्या बाजूने आहे. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीव वाचवण्यासाठी उपचार देणे हे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराचा खटला निकाली निघाला. रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले होते. न्यायालयाने बजावले की वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे.

आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला त्यांनी डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यायचे असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, त्यामुळे कागद गोळा होईपर्यंत ऑपरेशन अडवून ठेवण्याचे कारण नाही. अडचण आली तर १५५३८८ या क्रमांकावर फोन करा. तरीही रेशनकार्ड आणि आधार यांची एक-एक झेरॉक्स बीपीच्या गोळ्यांबरोबर पिशवीत घालून दाराजवळ ठेवा. हक्क असला तरी त्या वेळी भांडत बसायला सवड नसते.

घरी आल्यावर

गेल्या वर्षी आमच्या बैठकीला येणाऱ्या एका मुलीच्या आईला हीच कळ आली. आई धुण्याभांड्याची कामे करते, वय ५२. मुलीने गॅसची गोळी दिली नाही, थेट १०८ ला फोन केला. दम लागलेल्या अवस्थेत आई पोहोचली. याही वेळी आत्या म्हणाली, “तिचं काळीज थकलंय, थांबा जरा.” मुलगी आत्याला म्हणाली, “आत्या, थकलंय म्हणूनच करायचं.” आणि तिने सही केली. ऑपरेशन त्याच रात्री झाले. आई सतरा दिवस रुग्णालयात होती. आज ती चालते-फिरते, जड उचलत नाही.

पण तिची लढाई संपलेली नाही. कापडाची नळी बसवली तरी पुढची चिरलेली महाधमनी बऱ्याचदा तशीच राहते. म्हणून बीपीची गोळी जन्मभर, एक दिवसही न चुकवता. डॉक्टर सांगतील तेव्हा सीटी स्कॅन. धातूची झडप बसवली असेल तर रक्त पातळ ठेवण्याची गोळी आणि त्यासाठी नियमित रक्ततपासणी. बिडी, सिगारेट, तंबाखू बंद. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणारे रुग्ण आम्ही पुन्हा स्ट्रेचरवर आलेले पाहिले आहेत.

आमचे मागणे

२००० च्या त्या नोंदीत १०० पैकी ७२ रुग्णांना आधीपासून बीपी होते. सगळ्यांची महाधमनी फाटत नाही, पण फाटलेल्यांत बीपी दुर्लक्षिलेले फार. काहींना हा आजार घराण्यातून येतो. खूप उंच अंगकाठी, लांबसडक बोटे, डोळ्यांचा त्रास आणि घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेले, असे असेल तर इको करून घ्या. बाकीच्यांसाठी बीपी मोजणे हीच पहिली तटबंदी.

म्हणून आमचे वस्तीकडे मागणे आहे. जयंतीच्या वर्गणीतून एक बीपीचे मशीन घ्या, विहारात ठेवा, दर रविवारी तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचे बीपी वहीत लिहा. आमच्यासारख्या निवृत्त किंवा नोकरीतल्या सिस्टर, ब्रदर प्रत्येक वस्तीत आहेत, त्यांना हाक मारा. सरकारकडे मागणे आहे की प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सीटी स्कॅन रात्रीही चालू असावे, आणि तातडीच्या हृदय शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेताना एकच चिठ्ठी पुरावी.

आणि मामांकडे, आत्यांकडे मागणे आहे. तुमच्या शब्दावर सही होते की थांबते, हे आम्ही वॉर्डात वर्षानुवर्षे पाहिले आहे. डॉक्टर म्हणाले, महाधमनी चिरली आहे, हृदयावर ताण आला आहे, ऑपरेशन लागेल, तर दोनच प्रश्न विचारा. “किती वेळात करायला हवं?” आणि “इथं होत नसेल तर कुठं होतं?” गावाहून येणाऱ्या भावाची वाट पाहू नका. त्याला फोनवर सांगा आणि सही करा.